मशेरी सुटते कशी आणि परत लागते कशी

आजचा विषय मशेरीचा. कुणी मिश्री म्हणतं, कुणी मशेरी, पण तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखू ती एकच. सुरुवात आम्ही आमच्या चुकीपासून करणार आहोत. ती चूक झाली नसती तर पुढचं काही शोधायला आम्ही गेलोच नसतो.

गेल्या वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवानंतर आमच्या एका गटाने ठराव केला. जी मशेरी लावेल तिला दर बैठकीला दहा रुपये दंड. कल्पना आमचीच होती. बारा जणींच्या गटात सात जणी लावणाऱ्या. पहिल्या बैठकीत हसतखेळत दंड जमा झाला. दुसऱ्या बैठकीत सातही जणींनी "सोडली, सोडली" म्हणून सांगितलं आणि आम्ही खूश होऊन ठराववहीत तसं लिहूनही टाकलं. तिसऱ्या बैठकीला गटातल्या सर्वांत थोरल्या मावशी आल्या नाहीत. चौथ्यालाही नाहीत. बचतीचा हप्ता मात्र नातवाच्या हाती वेळेवर आला.

आम्ही घरी गेलो. मावशी शेंगा फोडत बसल्या होत्या. आधी चहा झाला, पाऊसपाण्याचं झालं, मग त्या म्हणाल्या, "ताई, खोटं बोलवत न्हाई. आन चारचौघींत दंड भरायची लाज वाटती. मग येऊन करू काय?" त्यांनी एकोणीस दिवस मशेरीला हात लावला नव्हता. विसाव्या दिवशी घरात भांडण झालं, त्या रात्री डबी उघडली, आणि मग रोजचंच सुरू झालं. त्याहून वाईट गोष्ट नंतर कळली. त्यांच्या गालाच्या आतल्या बाजूला पांढरा चट्टा होता. आशाताईंनी तालुक्याला दाखवायला सांगितलं होतं आणि मावशी गेल्या नव्हत्या. म्हणजे गटाची सगळ्यांत जास्त गरज जिला होती, तिलाच आम्ही दहा रुपयांत बाहेर घालवलं होतं.

तेव्हापासून आम्ही विचारायला आणि वाचायला लागलो. प्रशिक्षणाला आलेल्या डॉक्टरांना विचारलं, माहिती मिळवली. एक कळलं की तंबाखू माणसाला कशी सुटते, यावर जगभरात पन्नास-साठ वर्षं अभ्यास चालला आहे. त्यातला बराचसा विडी-सिगारेटवरचा आहे, पण मन तेच असल्यामुळे तो मशेरीलाही लागू पडतो.

आधी ती धरून का ठेवते ते पाहू. तंबाखूत निकोटीन असतं. विडी ओढली की ते फुप्फुसातून काही सेकंदांत मेंदूपर्यंत जातं. मशेरी हिरड्यांना चोळून पाच-दहा मिनिटं तोंडात धरली की ते तोंडाच्या आतल्या कातडीतून सावकाश रक्तात उतरतं. मेंदूला बरं वाटतं. साधारण दोन तासांत रक्तातलं निकोटीन निम्म्यावर येतं. रात्रभर झोपेत ते उतरत राहतं, म्हणून सकाळी उठल्या उठल्या डोकं जड, जीव बेचैन. मग मशेरी लावली की मोकळं वाटतं. आपल्याला वाटतं मशेरीने डोकं उतरलं. खरं म्हणजे डोकं चढवलं होतं तिनेच.

"मशेरीशिवाय परसाकडला साफ होत नाही" हे तर प्रत्येक गावात ऐकायला मिळतं. यावर शिकलेली माणसं हसतात. आम्हीही हसायचो. पण ते खोटं नाही. निकोटीनने आतड्याची हालचाल वाढते आणि ते बंद केलं की काही दिवस पोट खरोखर तुंबतं. ज्या बाईला घरातली गर्दी उठायच्या आत, अंधारात जाऊन यायचं असतं, तिच्यासाठी ही लहान अडचण नाही. सोडणाऱ्या बाईला हे आधीच सांगून ठेवावं. उठल्यावर दोन तांबे कोमट पाणी, जेवणात पालेभाजी, पेरू, भाकरी नेहमीचीच, आणि पंधरा दिवसांचा धीर. तेवढ्यात आतडं आपलं आपण चालायला लागतं. आमच्या गटातल्या दोघींची मशेरी केवळ या कारणावरून परत सुरू झाली होती, आणि कुणी विचारलंच नव्हतं म्हणून त्या बोलल्या नव्हत्या.

बाकी त्रासही सांगतो. चिडचिड, डोकेदुखी, झोप न लागणं, सारखी भूक. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यांत कठीण, पहिला आठवडा जड, आणि दोन ते चार आठवड्यांत बहुतेक त्रास ओसरतो. तलफ येते ती लाटेसारखी, काही मिनिटं टिकते आणि जाते, मशेरी लावली तरी जाते आणि न लावली तरी जाते. आमच्या एका सखीला हे कळल्यावर तिने तेवढ्या वेळात अंगण झाडायचा नेम केला. आता तिच्या अंगणात पानसुद्धा दिसत नाही.

मशेरी म्हणजे साधं दात घासायचं मंजन, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी दोन गोष्टी. भाजल्याने तंबाखूतलं विष जळून जात नाही. उलट भाजताना जो धूर होतो तो चुलीपाशी बसलेल्या लेकरांच्या छातीत जातो. आणि मुंबईतल्या गरोदर बायांचा एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. डॉक्टर प्रकाश गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाराशेवर बायांची नोंद ठेवली होती. न ओढायची तंबाखू, म्हणजे मशेरी वगैरे, वापरणाऱ्या आयांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी जन्मली, आणि दिवस पूर्ण भरायच्या आत जन्मणाऱ्या बाळांचं प्रमाणही त्यांच्यात जास्त होतं. सव्वादोन किलोच्या बाळाला १०५ ग्रॅम म्हणजे काय, हे आपल्या आशाताईंना विचारा.

देशाची मोजणीही झालेली आहे. २०१६-१७ च्या पाहणीत पंधरा वर्षांवरच्या शंभर बायांत चौदा जणी तंबाखू वापरणाऱ्या निघाल्या. त्यातल्या ओढणाऱ्या थोड्या, बाकीच्या लावणाऱ्या नाहीतर चघळणाऱ्या. म्हणून धूम्रपानाच्या फलकावर बाई दिसत नाही आणि आपल्यालाही वाटतं की हे पुरुषांचं दुखणं.

आता मावशींच्या विसाव्या दिवसाकडे येऊ. ॲलन मार्लाट नावाचे अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ होते. दारू, सिगारेट सोडलेली माणसं परत कशी वळतात, याचा त्यांनी अभ्यास केला. १९८५ मध्ये त्यांचं आणि ज्युडिथ गॉर्डन यांचं त्यावरचं पुस्तक निघालं. परत वळायच्या बहुतेक वेळा तीनच प्रकारच्या, असं त्यांना दिसलं. मन उदास किंवा त्रासलेलं असताना, कुणाशी भांडण झाल्यावर, आणि चारचौघांत कुणी पुढे केल्यावर. मैत्रिणींनो, यात आपलं सगळं गाव आलं. सासूचा शब्द, पिकाचं नुकसान, आणि लग्नघरी भाकरी थापताना हातावर आलेली चिमूट.

मार्लाट यांचं दुसरं म्हणणं आम्हाला जास्त उपयोगी पडलं. एकदा चुकणं वेगळं आणि परत व्यसनात जाणं वेगळं, असं ते सांगायचे. या दोन्हींच्या मधे माणसाच्या मनात एक विचार येतो आणि खरं नुकसान तो करतो. आपण एकादशीचा उपास धरतो. दुपारी चुकून पोराच्या ताटातला घास तोंडात जातो. मग म्हणतो, मोडलाच आहे तर आता जेवूनच घेऊ. घास एकच होता, पण त्या विचाराने पूर्ण जेवण झालं. मावशींच्या मशेरीचं तेच झालं. विसाव्या रात्री एक चिमूट. दुसऱ्या सकाळी "आपल्याच्यानं व्हायचं न्हाई" हा विचार. आणि बैठकीत काय होतं? दंड! म्हणजे ज्या वेळी कुणीतरी म्हणायला हवं होतं की एकोणीस दिवस तुम्ही राहिलात, एक दिवस चुकला, उद्यापासून परत धरा, त्या वेळी आम्ही वही काढून बसलो होतो.

मग पैशाचा काहीच उपयोग नाही का? याचं एक उदाहरण आम्हाला फार आवडलं, कारण ते आपल्यासारखंच बचतीचं आहे. फिलिपिन्स देशात मिंडानाओ नावाचं बेट आहे. तिथल्या एका बँकेने २००६ साली सिगारेट ओढणाऱ्यांसाठी एक खातं काढलं. ज्याला सोडायची आहे त्याने त्यात स्वतःचे पैसे सहा महिने टाकायचे. व्याज नाही, मधे काढता येत नाही. सहा महिन्यांनी लघवीची तपासणी. निकोटीन निघालं नाही तर सगळे पैसे परत. निघालं तर पैसे धर्मादाय कामाला. ज्यांना हे खातं देऊ केलं त्यांच्यातल्या शंभरात अकरा-बारा जणांनीच ते घेतलं. घेतलेल्यांतलेही बरेच तपासणीत नापास झाले. तरीसुद्धा, ज्यांना खातं देऊ केलं आणि ज्यांना केलं नाही अशा दोन्ही गटांची तुलना केल्यावर, पहिल्या गटात सोडणारे शंभरामागे तीन जास्त निघाले. वर्षाने, न सांगता पुन्हा तपासणी केली तेव्हाही फरक टिकून होता.

शंभरात तीन म्हणजे जादू नव्हे. आम्ही मुद्दाम सांगतो, कारण कुणी मशेरी एका महिन्यात सोडवतो म्हणून पुड्या विकायला आला तर त्याला दारातूनच परत पाठवावं. पण आपल्या दंडात आणि त्या खात्यात फरक काय, ते बघा. दंड आम्ही ठरवला, सगळ्यांना सारखा, न विचारता. खात्यात पैसे ज्याचे त्याने ठरवून टाकले, आणि ज्याला नको होतं त्याला कुणी दटावलं नाही.

आम्ही ठराव रद्द केला. जमा दंड ज्याचा त्याला परत दिला, आणि बैठकीत चूक कबूल केली. (अध्यक्षबाईंना ते आवडलं नाही. त्यांच्या मते ठराव मागे घेतला की गटाची शिस्त जाते. त्या अजूनही तसंच म्हणतात.) नवीन रीत अशी की जिला हवं तिने आपल्या मनाने रक्कम पाकिटात घालून गटाच्या पेटीत ठेवायची. तीन महिने. लघवीची तपासणी आपल्याकडे कुठून येणार, म्हणून प्रत्येकीने एक सोबतीण निवडायची आणि तिच्यासमोर खरं सांगायचं. चुकली तर दिवस पुन्हा मोजायचे, पैसे लगेच जायचे नाहीत. चौघींनी पाकीट ठेवलं. दोघींना परत मिळालं, एकीचे पाचशे रुपये तिच्याच सांगण्यावरून अंगणवाडीच्या खाऊला गेले, चौथीचे तीन महिने अजून व्हायचे आहेत. मावशींनी पाकीट ठेवलं नाही. त्यांना नुसती सोबतीण हवी होती. त्यांनी आपल्या शेजारणीला निवडलं, जी स्वतः मशेरी लावत नाही आणि तोंडाने फटकळ आहे. आम्हाला काळजी वाटली होती, पण ती जोडी जमली.

सोबतिणीसाठी एक कृती सांगतो. पीटर गोलविट्झर या जर्मन संशोधकाने दाखवलं की "मी सोडणार" एवढा निश्चय पुरत नाही. "अमुक झालं की मी तमुक करीन" असं आधी ठरवून ठेवलं तर ते जास्त वेळा घडतं. मावशींनी तीन वाक्यं ठरवली. उठल्यावर हात डबीकडे गेला तर बाभळीची काडी घेईन. घरात आवाज चढला तर शेजारणीच्या ओट्यावर जाऊन बसेन. लग्नघरी कुणी चिमूट दिली तर "डॉक्टरनं बंद केलीय" म्हणेन. शेवटचं वाक्य फार चालतं. नको म्हटलं की बाया आग्रह करतात, डॉक्टरचं नाव घेतलं की गप्प बसतात.

पण तोंडातला चट्टा दाखवायला मावशी तयार नव्हत्या. इथे आम्हाला आणखी एक गोष्ट शिकावी लागली. हॉवर्ड लेव्हेंथल हे मानसशास्त्रज्ञ सांगतात की आजारी माणूस डॉक्टरांच्या सांगण्यावर चालत नाही, आपल्या मनातल्या आजाराच्या चित्रावर चालतो. त्या चित्रात पाच गोष्टी असतात. हे काय आहे, कशामुळे झालं, किती दिवस राहणार, यातून काय होणार, आणि यावर इलाज आहे का. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तदाबाच्या रुग्णांना विचारलं होतं. रक्तदाब वाढलेला माणसाला कळत नाही, हे बहुतेकांनी मान्य केलं, आणि पुढे म्हणाले, मला मात्र कळतो. मग डोकं दुखेल त्या दिवशी गोळी, नाहीतर नाही. आपल्याकडे हे घरोघरी चालतं.

आम्ही मावशींना ते पाच प्रश्न विचारले, एका दिवसात नाही, दोन-तीन भेटींत. त्यांचं चित्र असं होतं. चट्टा उष्णतेने आला. म्हणून त्या सब्जा पीत होत्या, ताक पीत होत्या. मशेरीचा त्याच्याशी संबंध त्यांच्या मनात नव्हताच. आणि त्याच वेळी, मनाच्या दुसऱ्या कोपऱ्यात, हे ते "मोठं दुखणं" आहे ही भीतीही होती. त्यांचा भाऊ तोंडाच्या कॅन्सरने गेला होता. दवाखान्यात नेला आणि दोन महिन्यांत गेला, म्हणजे दवाखान्यात नेलं की माणूस जातो, असं त्यांनी जुळवलं होतं. आम्ही इतके दिवस त्यांना "कॅन्सर होईल हो" म्हणून घाबरवत होतो. ज्या बाईची वाट भीतीनेच अडली आहे तिला आणखी भीती घालत होतो.

मग डॉक्टरांनी जे सांगितलं ते आम्ही त्याच पाच प्रश्नांच्या ओळीने सांगितलं. हा चट्टा तंबाखूने येतो. प्रत्येक चट्ट्याचा कॅन्सर होत नाही, थोड्यांचा होतो, आणि कोणत्याचा होईल ते नुसतं बघून सांगता येत नाही, म्हणून तपासावं लागतं. भाऊ उशिरा गेले होते, तुम्ही लवकर जाताय. आणि तंबाखू थांबवली तर पुष्कळांचे चट्टे कमी होतात. केरळ, गुजरात आणि आंध्र प्रदेशातल्या खेड्यांत छत्तीस हजार तंबाखू वापरणाऱ्यांवर याचं काम झालेलं आहे. दरवर्षी त्यांची तोंडं तपासली आणि सोडण्याबद्दल समजावून सांगितलं. १९८६ साली आलेल्या अहवालात सोडणाऱ्यांची संख्या वाढलेली आणि नवे चट्टे निघण्याचं प्रमाण घटलेलं दिसलं. मावशी एवढंच म्हणाल्या, "छत्तीस हजारांची तोंडं बघितली व्हय?" आणि पुढच्या बुधवारी आमच्याबरोबर गाडीत बसल्या.

तोंड घरीही बघता येतं. उजेडात, आरशासमोर, महिन्यातून एकदा. गालाच्या आत, जिभेखाली, हिरड्यांवर पांढरा किंवा लाल डाग, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, तिखटाने आग होणं, तोंडात उभी तीन बोटं न मावणं. यातलं काही असेल तर उपकेंद्रात दाखवा. दुखत नाही म्हणून थांबू नका, सुरुवातीला ते दुखत नाहीच.

घरातल्या पुरुषांच्या विडीबद्दल बायका नेहमी विचारतात. विडीत तंबाखू कमी असते खरी, पण पान विझू नये म्हणून ती सारखी आणि जोराने ओढावी लागते, त्यामुळे ती सिगारेटपेक्षा सौम्य नाही. इंग्लंडमध्ये १९५१ पासून पन्नास वर्षं डॉक्टरांचाच अभ्यास केला गेला. साठाव्या वर्षी सिगारेट सोडलेल्यांनाही, ओढत राहिलेल्यांपेक्षा, सुमारे तीन वर्षांचं जास्त आयुष्य मिळालं. पन्नासाव्या वर्षी सोडली तर सहा, चाळिसाव्या वर्षी नऊ. म्हणजे "आता या वयात काय सोडायची" याला अर्थ उरत नाही. आणि अमेरिकेतल्या एका गावाच्या तीस वर्षांच्या नोंदीत दिसलं की नवरा-बायकोपैकी एकाने सोडली की दुसऱ्याने ओढत राहण्याची शक्यता दोन तृतीयांशाने कमी होते. नवऱ्याच्या विडीवर रोज बोलणाऱ्या काही जणींच्या कमरेला मशेरीची डबी असते, हे आम्ही नाव न घेता सांगतो.

ज्यांना बोलायला कुणी नाही त्यांच्यासाठी सरकारचा फुकट फोन आहे, १८००-११-२३५६. तंबाखूच्या पुडीवरही तो छापलेला असतो. निकोटीनची चघळायची गोळीही मिळते, पण गरोदर असाल, हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. ती चुइंगमसारखी भराभर चावायची नसते. थोडी चावायची, तोंडाला चुरचुर लागली की गालात धरून ठेवायची. भराभर चावली की उचक्या लागतात आणि मळमळतं.

मावशींच्या गालाचा तुकडा तपासायला घेतला होता. कॅन्सर नाही निघाला. पण आतल्या पेशी थोड्या बदलल्या आहेत, म्हणून दर तीन महिन्यांनी दाखवायचं आहे. मशेरी बंद होऊन पाच महिने झाले. मधे एकदा, भावजयीच्या दहाव्याला, त्यांनी चिमूट घेतली. दुसऱ्याच दिवशी सकाळी त्यांनी शेजारणीला सांगितलं आणि शेजारीण म्हणाली, "बरं, आजचा एक धर." चट्टा आधीपेक्षा फिका झालाय, पण आहे. पुढची तारीख दिवाळीनंतरच्या मंगळवारची आहे. साडेआठच्या एसटीने जायचं ठरलंय. गटातल्या आणखी दोघींनी आपलीही तोंडं दाखवायची म्हणून त्याच गाडीला यायचं कबूल केलंय.